चांगली चाललीय

"लिफ्ट अडकली हो! आत एक बाई अन् पोरगी आहे!" कोर्टाचा शिपाई ओरडत आला, आणि बाकावर बसलेला लिफ्ट दुरुस्त करणारा ताडकन उठला. बाई म्हणजे त्याची घटस्फोट झालेली बायको. पोरगी त्याचीच.

हा गडी एकदा तेराव्या मजल्यावर दोराला लोंबकळत डबा खाऊन, वर ढेकर देऊन आला होता म्हणतात. बारावा असेल फार तर. पण आजच्या तारखेची त्याला धास्ती होती. मुलीचा ताबा आईकडे, रविवार बापाकडे, असं चाललं होतं. आता बायकोला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि मुलीला न्यायची परवानगी मिळते का, ते आज ठरणार होतं. ती गेली की रविवार कुठला?

वकिलाने त्याला कोपऱ्यात ओढलं. "जरा दमानं घ्या. नाव पुकारलं तेव्हा बाई हजर नसली की पडली पुढची तारीख. सोमवारी रुजू झाली नाही तर नोकरी गेली. मग जायचं कारणच उरलं नाही!"

"आणि पोरगी अंधारात?"

"थोडाच वेळ हो!"

लिफ्टच्या दाराशी तो पोचला आणि नुसताच उभा राहिला. आपण वकिलाचं ऐकून खरंच थांबलोय, हे लक्षात आलं तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला. इतकी भीती त्याला दोरावरही वाटली नव्हती.

आतून आवाज आला. टक टक... टक.

ही त्याचीच खूण. अडकलेल्या माणसांना धीर यावा म्हणून दार उघडण्याआधी तो अशी टकटक करी. लेकीने ती घरी न्हाणीघराच्या दारावर वाजवून वाजवून सगळ्यांना हैराण केलं होतं.

त्याने तशीच टकटक करून उत्तर दिलं, धावत वर मशीनच्या खोलीत गेला आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणली.

खाली येऊन त्याने दार उघडलं. "बघ आई, म्हटलं नव्हतं बाबाच येणार?"

बायको घामाघूम. "मुद्दाम तर नाही ना पाडलीस बंद?"

"मी पाडली असती तर इतक्यात निघाला नसतात."

तो बिघाड शोधायला वळला आणि त्यांचं नाव पुकारायच्या आत लिफ्ट चालूही केली.

परवानगी मिळाली. सुट्ट्या बापाकडे, रोज फोन. बायको जिन्याकडे वळली, पण पोरगी लिफ्टमध्येच शिरली. "चल गं, बाबांनी दुरुस्त केलीय!"

दार मिटलं. आतून टक टक... टक. त्याने हात उचलेपर्यंत आवाज खाली गेला होता. तो दाराला कान लावून उभा राहिला.

"परत बिघडली काय हो?" शिपायाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "चांगली चाललीय."