धाकटीच्या दगडावरचा शब्द

रूममेट सावनी लग्न करून देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला गेली, तेव्हापासून कॅरोलिनातल्या कॅरी गावच्या त्या अपार्टमेंटमध्ये देवयानी एकटीच राहत होती. शेजारी सगळे आयटीतले. सकाळी गाड्या काढून जायचे, संध्याकाळी परतले की दारं लागायची. दोनदा ती मराठी मंडळात जाऊन आली. एखाद्या काकू कौतुकाने विचारायच्या, "पीएचडी कशात करतेस गं?" तिने सांगितलं की "अगंबाई!" म्हणून हसायच्या आणि पुढचं काही न सुचून समोशांच्या टेबलाकडे वळायच्या.

त्यात काकूंचा तरी काय दोष? देवयानी सहा वर्षं ज्या भाषेवर काम करत होती, ती बोलणारं जगात कोणीच उरलं नव्हतं. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर आपली पहिली वसाहत टाकली, तेव्हा तिथल्या लोकांची ती भाषा. त्या इंग्रजांनी थोडे शब्द टिपून ठेवले होते. मासे, कंदमुळं, तांबं, मोती. म्हणजे ज्याचा उपयोग होईल असं वाटलं तेच. घरात माणसं एकमेकांना काय म्हणतात, ते विचारायचं त्यांना सुचलं नाही. पुढे एक चांदीचा पेला चोरीला गेल्याच्या रागात त्यांनी एक अख्खं गाव आणि उभा मका जाळला. मग विचारायची सोयही राहिली नाही.

हरवलेले शब्द देवयानी शेजारच्या बहीणभाषांवरून शोधून काढायची. असा प्रत्येक शब्द लिहिताना त्याच्यापुढे एक चांदणी काढायची. चांदणी म्हणजे, हा शब्द कोणी बोललेला ऐकलेला नाही, आम्ही तो हिशेबाने बसवलाय.

मागच्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका छोट्या मूळनिवासी वस्तीने, त्या लोकांच्याच वंशजांनी, तिला बोलावलं. साडेतीन तास ड्राइव्ह करून ती गेली, चर्चच्या हॉलमध्ये वीस माणसांपुढे स्लाइड्स दाखवल्या. सगळं संपल्यावर मिस ओडेसा नावाची एक म्हातारी काठी टेकत पुढे आली.

"दरवर्षी इथे टूरिस्ट येतात," ती म्हणाली. "त्या पहिल्या वसाहतीतली शंभरएक इंग्रज माणसं कुठे हरवली, म्हणून विचारतात. ती हरवली, तर त्यांची गोष्ट झाली. आम्ही इथेच राहिलो, तर आमचं कोणी विचारत नाही."

देवयानीने स्लाइड्स बंद केल्या. म्हातारी पुढे म्हणाली, "माझी बहीण गेली, लोरेटा. आम्ही दोघीच होतो. 'माझी बहीण' याला आपल्यात काय म्हणायचे?"

"खात्रीने नाही सांगता येणार, मिस ओडेसा. पण बहुतेक 'नुमीस' म्हणत असतील."

म्हातारीने तो शब्द चार वेळा म्हणून घेतला, कागदावर उतरवून घेतला, कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

तीन-चार महिन्यांनी वस्तीच्या मंडळाकडून फोटो आला. लोरेटाच्या कबरीवर नवा दगड बसला होता. नाव, जन्म-मृत्यूची सालं, आणि खाली कोरलेलं: नुमीस. देवयानी हरखून गेली. आपण शोधलेला एक शब्द कागदावरून उठून उन्हात आला! कोणाला तरी दाखवावा म्हणून तिने फोन उचलला. सावनीला पाठवला. तिकडून एक हार्ट आलं, बस.

मग ती एकटीच फोटो पुन्हा पुन्हा पाहत बसली, आणि केव्हातरी तिची नजर जन्मसालावर अडली. १९४९. मिस ओडेसा तर आपण शेहेचाळीस सालच्या, असं त्या दिवशी सांगत होती.

तिने फोन उलटा करून ठेवला. नुमीस म्हणजे नुसती बहीण नव्हे. नुमीस म्हणजे थोरली बहीण. ताई. धाकट्या भावंडाला निराळा शब्द होता, नुशीम. म्हातारीने इंग्रजीत 'सिस्टर' म्हटलं, आणि हिने इंग्रजीतच ऐकून घेतलं. 'थोरली की धाकटी?' एवढंसुद्धा विचारलं नाही. जिच्या स्वतःच्या भाषेत धाकटीला कोणी जन्मात ताई म्हणणार नाही, तिने विचारलं नाही!

ती पीएचडीच्या गाइडकडे गेली. ते म्हणाले, "आफ्टर ऑल, रीकन्स्ट्रक्शन आहे, चांदणीचा शब्द. कोणाला कळणारे?"

तेच तर होतं. जगात दुसऱ्या कोणालाही कळणार नव्हतं.

शनिवारी सकाळी ती निघाली. दलदलीतून जाणारा सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना काळं पाणी, रेडिओसुद्धा लागेना. काय सांगायचं त्याची वाक्यं ती जुळवत राहिली आणि पोचली तेव्हा त्यातलं एकही आठवेना. ओट्यावर मिस ओडेसा शेंगा सोलत बसली होती.

"माझी चूक झाली," देवयानी उभ्याउभ्याच म्हणाली. आणि सगळं सांगून टाकलं.

म्हातारीचे हात थांबले.

"दर रविवारी जाते मी," ती हळूच म्हणाली. "तिला त्या नावाने हाक मारते. म्हणजे इतके दिवस मी तिला भलत्याच नावाने बोलावतेय?"

"दगडाचं मी बघते, मिस ओडेसा. नवीन करून घेऊ."

"दगडाचं तू बघतेस!" म्हातारीचा आवाज एकदम चढला. "बाहेरून यायचं, वह्या भरायच्या, आम्ही काय आहोत ते आम्हालाच सांगायचं, आणि मग म्हणायचं चुकलं. कितव्यांदा हे?"

ती आत गेली. जाळीचं दार आपटलं. देवयानी पायरीवर बसून राहिली. गाडीची किल्ली दोनदा हातात घेतली, दोनदा पर्समध्ये टाकली. खाडीकडून वारा येत होता. रस्त्यावरून एक ट्रक बोट ओढत गेला. अर्धा तास झाला असेल, मग दार पुन्हा वाजलं.

"एक सांग. धाकटी थोरलीला काय म्हणेल?"

"नुमीस."

"म्हणजे लोरेटाने मला काय म्हटलं असतं?"

देवयानीने मान वर करून पाहिलं. म्हातारीच्या चेहऱ्यावरचा राग उतरला होता, आणि त्याच्या जागी जे होतं ते पाहवत नव्हतं.

"नुमीस," देवयानी म्हणाली.

"मग दगडाला हात लावायचा नाही," मिस ओडेसा म्हणाली. "तो शब्द तिचा आहे. ती मला हाक मारतेय." आणि ओट्याच्या खांबाला धरून ती तशीच उभी राहिली. "आई-बाप जाऊन चाळीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. मला बोलावणारी तेवढी एकच होती."

मग तिने पदराआडून काढावं तसं स्वेटरच्या खिशातून बॉलपेन काढलं. "आता धाकटीचा सांग. नीट सांग."

देवयानीने सांगितला. 'नु' कसा आखूड, 'शी' कसा लांब, ते दोनदा म्हणून दाखवलं. म्हातारीने या वेळी कागद घेतला नाही, तळहातावरच लिहिलं.

कबरस्तान चर्चच्या मागे होतं. देवयानी तिला गाडीतून घेऊन गेली. फाटकाशी मिस ओडेसा म्हणाली, "तू इथेच थांब."

ती काठी टेकत ओल्या गवतातून एकटी गेली, नव्या दगडापुढे उभी राहिली. एकदा तळहात डोळ्यांजवळ नेला, मग मूठ मिटली. लांबून तिचे ओठ हललेले दिसले. उच्चार कसा झाला, ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. देवयानी पुढे गेली नाही. फाटकाची थंडगार कडी धरून ती उभी राहिली, आणि तिकडे म्हातारी कितीतरी वेळ बोलत होती, सगळं इंग्रजीतच असणार, मधे तो एक शब्द.