त्रेचाळिसावी बाटली

टेबलावर त्रेचाळीस बाटल्या होत्या. बेचाळिसांवर छापील चौकोनी लेबल होतं. त्रेचाळिसावीच्या गळ्याला रबर लावून वहीचा एक कागद बांधला होता. त्यावर बॉलपेननं लिहिलं होतं : 'खालच्या आळीची जुनी विहीर. मंगळवार, सकाळी ६ वा. १० मि. पाण्याला वास येतो.'

बाटली आमच्याच, मलकापूरच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेची होती. बुचावरचं फॉइल नीट दाबलेलं होतं आणि ती बर्फाच्या पिशवीत घालून आणली होती. आणणारा माणूस दाराबाहेर चपला काढून उभा होता. साठीला टेकलेला, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.

"आत या ना, काका."

"नगं, पाय भरल्यात."

पुष्कर सरांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, बाटली उचलून फिरवून पाहिली. "नंबर कुठाय?"

"न्हाई."

"मग हा नमुना नाही."

"आवं सायब, पानी हाय की."

"पाणी असेल. नमुना नाही. ज्ञानदा, परत दे यांना." आणि ते मीटिंगला निघून गेले.

दीड वर्षापूर्वी आमच्या विभागाने प्रत्येक ग्रामपंचायतीला एक टॅब दिला. काळा, रबरी कडांचा. कंपनीच्या माणसाने तो आमच्यासमोर बादलीत बुडवून, वर काढून, चालू करून दाखवला होता. पाण्याच्या स्रोतापासून पन्नास मीटरच्या आत उभं राहिलं तरच तो नमुन्याला नंबर देतो, आणि तोही अंगठा जुळल्यावर. खोटे नमुने थांबावेत यासाठी ही सोय होती.

"टॅब नेला नव्हता विहिरीवर?" मी विचारलं.

"न्हेला की. मी कठड्यावर हात ठिवून हुबा, आन् त्यो म्हंतोय, तुमी हिरीपास्नं आठशे साठ मीटर लांब हाय." ते हसले नाहीत. "एकतीस वर्सं गावाला पानी सोडतोय, मॅडम. हीर कुठं हाय ते मला ठावं न्हाई व्हय?"

त्यांचं नाव भाऊसो. गाव उंब्रजपासून सात किलोमीटर आत. ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी. म्हणजे पहाटे चारला उठून पंप चालू करायचा, चार फुटी लोखंडी चावी खांद्यावर टाकून गावभर व्हॉल्व्ह सोडत फिरायचं. अंगाला ब्लीचिंग पावडरचा वास होता, धुऊन न जाणारा.

परत द्यायच्या आधी मी त्या बाटलीतलं थोडं पाणी पेल्यात ओतून क्षार मोजणारा मीटर बुडवला. त्याला अर्धं मिनिट लागतं. ७४२. उसाच्या काळ्या रानातल्या विहिरीला हे साहजिक आहे. मग मी संगणकावर त्याच विहिरीचे जुने नमुने काढले. १८. १७. १८. १९. गावच्या बाकी सहा स्रोतांचे काढले. १८. १८. १७. एवढे कमी क्षार फक्त फिल्टरच्या पाण्यात असतात. प्रत्येक अहवालाखाली माझी सही होती.

गेल्या वर्षी एकदा मी पुष्कर सरांना हा अठरा दाखवला होता. ते म्हणाले होते, मीटर तपास. मी तपासला. मीटर बरोबर होता. मग मी पुढची बाटली घेतली होती.

"काका, आधीच्या बाटल्या कुठून भरल्या होत्या?"

ते स्वतःच्या पायांकडे पाहत राहिले. "कूलरच्या."

"कुठला कूलर?"

"पंचायतीच्या वट्ट्यावर हाय. टॅबला हीर तितंच घावती. गावातली पान्याची सात बी ठिकानं तितंच घावत्यात. पयल्या महिन्याला मी हिरीचं पानी वट्ट्यावर आणून नंबर घेतला. त्याचा रिपोर्ट लाल आला. ग्रामसेवकाला नोटीस निघाली. पुढच्या महिन्याला त्यो म्हनला, तात्या, तितनं कशाला आठशे मीटर चालताय? वट्ट्यावर पानी हाय की."

तो लाल अहवाल मीच दिला होता. पुढच्या महिन्यात हिरवा आला तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं, पाणी सुधारलं.

"तुमचा अंगठा लागतो ना पण?"

त्यांनी दोन्ही अंगठे माझ्यासमोर धरले. पावडरीने खाल्लेले, पांढरट, काचेसारखे गुळगुळीत. एकही रेघ नव्हती. "टॅब वळखत न्हाई. ग्रामसेवकाचा लावत्यात. अंगठा त्याचा, नाव माजं, पानी कूलरचं."

"आणि आजच ही का आणलीत?"

"खालच्या आळीत पाच पोरांस्नी कावीळ झालीया. त्यातली एक आमची नात, सृष्टी. डोळं हळदीवानी झाल्यात पोरीचं." त्यांनी नाक पुसलं. "आमच्यात पानी उकळून घ्या म्हनून सांगटलं. पन तीस घरांस्नी कोन सांगनार? सांगाय गेलं की म्हंत्यात, पंचायतीत पानी चांगलं असल्याचं हिरवं कार्ड लावलंय, तुमी कोन डाक्टर? वरनं हिरवं कार्ड आलं म्हनून पंचायतीनं पावडर निम्मी केलीया. हीर बंद कराय तालुक्याला कागद लागतोय. त्यो कागद तुमीच देनार न्हवं?"

मी त्रेचाळिसावी बाटली परत न देता जंतूंच्या तपासणीला लावली. सदतीस अंशाला अठ्ठेचाळीस तास, मग साडेचव्वेचाळीसला चोवीस. निकाल शुक्रवारी.

बुधवारी दुपारी मी गावात गेले. पंचायतीच्या ओट्यावर स्टीलचा कूलर होता, देणगीदाराच्या नावाची पाटी लावलेला. आत भिंतीवर हिरवं कार्ड काचेत मढवून टांगलं होतं, त्याला सुकलेला हार. ग्रामसेवक राजवर्धन तिशीचे, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांनी माझ्यासाठी कूलरचं पाणी मागवलं. मी घेतलं नाही. त्यांनी ड्रॉवरमधून टॅब काढला, अंगठा लावला आणि मला हसत नकाशा दाखवला. नकाशावर सात स्रोतांचे सात ठिपके नव्हते. एकच होता, जरा जाड.

"स्रोतांच्या जागा नोंदवायला कंपनीचा माणूस आला, उन्हाचा कटाळा आला त्याला. हितंच बसून चहा घेतला आणि सातीचे फोटो जुन्या अल्बममधले टाकले," ते म्हणाले. "दुरुस्तीसाठी मी तीन मेल केलेत. नकाशा लॉक आहे म्हणतात. सुरक्षेसाठी."

"मग कूलरचं पाणी?"

"मॅडम, न भरलं तर आमचं गाव नमुन्यांच्या थकबाकीत दिसतं. भरलं तर हिरवं दिसतं. वर हिरवंच बघतात. तुमच्याकडं बी तेच बघतात की."

विहिरीपर्यंत आम्ही टॅब घेऊनच गेलो. भाऊसो पुढे, चावी खांद्यावर. कुठल्या घरासमोर व्हॉल्व्ह आहे ते न बघता ते त्या त्या जागी अर्धं पाऊल बाजूला टाकत होते. विहिरीला लागून गटार होतं. ते फुटून पाणी कठड्याच्या दगडांतून आत झिरपत होतं आणि दगडांवर राखाडी, बुळबुळीत थर चढला होता. पाण्यावर साबणाचा फेस, गुटख्याच्या पुड्या आणि एक फुगलेला लंगोट. पाच फुटांवर एक बाई कळशीच्या तोंडाला लुगड्याचा पदर लावून पाणी ओतत होती.

"भामाबाय, उकळून घ्या गं," भाऊसो म्हणाले.

"गाळून घेतोय की! आन् सुद्द हाय म्हंत्यात पंचायतीत. तुमीच तर बाटल्या भरून न्हेता, भाऊजी."

मी टॅब कठड्याला टेकवला. पडद्यावर आलं : 'आपण स्रोतापासून ८६० मीटर दूर आहात. कृपया स्रोताजवळ जा.'

राजवर्धन माझ्या शेजारी येऊन हळू बोलले. "मॅडम, उगं त्रास करून घेऊ नका. तुमच्याकडं चिठ्ठी बांधलेली एक बाटली. माझ्याकडं गेल्या बारा महिन्यांचे चौऱ्याऐंशी रिपोर्ट. उद्या मी म्हणीन, कुणीतरी गटारातलं भरून आणलं. खरं कुठलं ठरवतील? आणि चौऱ्याऐंशीवर सही तुमची आहे." मग आवाज मोठा करून : "तात्या, सात महिने राहिलेत न्हवं सेवेचे? नीट घालवा की. पोरगा बी तुमच्या जागेवर लागायचाय."

भाऊसोंनी चावी खांद्यावरून उतरवून कठड्याला उभी केली. "ते चौऱ्याऐंशी खोटं हायती म्हनून कोनी तरी लिहून दिलं, तर?"

"कोण देणार?"

"नाव कुनाचं हाय त्याच्यावर?"

राजवर्धन हसले. "गड्यांनू, तात्याला ऊन लागलंय," ते कुणा एकाकडे न बघता म्हणाले, आणि टॅब घेऊन परत फिरले.

शुक्रवारी अकराला भाऊसो मलकापूरला आमच्या दारात होते. या वेळी चपलांसकट आत आले. हातात वहीचा कागद होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. कुठल्या महिन्यात कुठल्या स्रोताच्या नावाने कूलरच्या किती बाटल्या भरल्या, ते ओळीने लिहिलं होतं. शेवटी 'हे मी केले' असं लिहून खाली सही. ग्रामसेवकाचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

"त्यांनी सांगितलं म्हणून भरलं, ते लिहा ना," मी म्हटलं.

"भरलं कुनी? मी. त्याचं त्यो लिहील." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "एक तालुक्याला दिलाय सकाळी. चावी बी जमा झाली. म्हंत्यात, घरी बसा चौकशी हुस्तवर." बोलताना त्यांचा उजवा हात खांद्याशी गेला, काहीतरी धरल्यासारखा, आणि तिथे काही नाही म्हणून खाली आला.

पुष्कर सरांनी कागद वाचला. बराच वेळ ते चष्मा पुसत होते. "ज्ञानदा, सिस्टिम हा निकाल घेणार नाही. नंबरच नाही."

"रजिस्टर घेईल, सर."

"जुनं? त्याला कोण विचारतं आता?"

कपाटाच्या तळाशी, रिकाम्या खोक्यांखाली ते होतं. शेवटची नोंद दीड वर्षापूर्वीची. मी धूळ झटकून पुढचं पान काढलं. सरांनी नको म्हटलं नाही. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी रकाने भरले : नमुना क्रमांक, स्रोत, दिनांक, वेळ, क्षार, निकाल. 'नमुना आणणार' या रकान्यापाशी मी रजिस्टर भाऊसोंकडे फिरवलं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. 'तपासणार' या रकान्यात मी केली. मग त्या पानाच्या खाली मी लिहिलं की या गावाचे मागील चौऱ्याऐंशी अहवाल मीच दिले असून ते स्रोतांच्या पाण्याचे नाहीत, आणि तिथे पुन्हा सही केली.

"आता त्यो कागद मिळंल न्हवं?" भाऊसोंनी विचारलं.

मी पानाच्या दोन प्रती काढल्या. एक त्यांना, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. त्यांनी ती डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि निकालाच्या ओळीवर बोट ठेवलं.

नमुना ४३. खालच्या आळीची जुनी विहीर. ई. कोलाय, दर शंभर मिलिलीटरला : अनुज्ञेय ०, आढळले ९२०.