ताटातलं नाव

तांदळाचा एक दाणा तिच्या नखाला चिकटून राहिला होता — अख्खा, टोकाला तूस असलेला — आणि तो झटकायचा राहून गेला, कारण डब्याला टेकवलेल्या मोबाईलमध्ये त्याच वेळी राजानं कंदील खाली ठेवला होता. कोरियन मालिकेतला राजा, शेकडो वर्षांपूर्वीचा. बोलतो मात्र हिंदीत, भंडाऱ्याच्या बँकेतल्या साहेबासारखा. समोर मुदपाकखान्यातली दासी, खाली मान घालून. महालात आणलं त्याच दिवशी तिला नवं नाव दिलं होतं. राजा इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, "तुम्हारा असली नाम क्या है?" — आणि हिचे सुपावरचे हात थांबतात. हा भाग तिनं आधीही पाहिला होता. तरी थांबतात.

लोक म्हणतात, काय असतं एवढं त्या मालिकांत... रेशमी कपडे, गोरीगोमटी पोरं. असेल. मला तेवढा एक प्रश्न पुरतो बाई.

तिच्या स्वतःच्या लग्नात ताटात असेच तांदूळ पसरले होते. नवऱ्यानं, इश्वरनं, अंगठीनं त्यात नाव लिहिलं — मंदा. सासूबाईंनी ठरवलेलं. बायांनी वाकून वाचलं, पेढे वाटले, आणि ती — गुंजन, करडीच्या शाळेत सगळ्यात मोठ्यानं 'हजर' म्हणणारी गुंजन — तीही हसली. संध्याकाळी त्याच तांदळांचा भात झाला. तिनंही खाल्ला.

आई होती तोवर माहेरी गुंजन होती. आई गेली, तेही संपलं. आणि इश्वर... वरठीच्या कारखान्यातून येतो, गाडी लावतो आणि म्हणतो, "ऐकून राहिली का?" माणूस चांगला आहे, न सांगता बाजारातून सीताफळं आणतो. पण तिचं नाव त्याला आठवत तरी असेल का? लग्नपत्रिकेवर छापलं होतं म्हणा.

परवा धाकट्या दिराचं, कैलाशचं लग्न. रक्षा या घरात येणार आणि ताटात रुखमिणी होणार, हेही सासूबाईंनीच ठरवलेलं. ताट धरायचा मान थोरल्या जावेचा. म्हणजे माझ्याच हातातल्या ताटात... साक्षगंधाच्या दिवशी रक्षा तिच्या कानाशी म्हणाली होती, "ताई, मले माह्यंच नाव चांगलं वाटते जी." उत्तर द्यायच्या आत फोटोवाल्यानं सगळ्यांना हाक मारली. ते उत्तर तेव्हापासून तिच्याकडेच पडून होतं.

"मंदे, झाले का वो तांदूळ?" गोदावरीबाई काठी टेकत पायरीवर येऊन बसल्या. सासूबाईंना ही मालिका म्हणजे रिकामटेकडे धंदे वाटायचे. पण रोज दुपारी याच पायरीवर त्यांना वारा लागायचा.

"होऊन राहिले, आई."

"मंग? त्या पोरीनं सांगतलं का राजाले नाव?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. आत्ता नाही तर परवा मांडवात, सगळ्यांसमोर. त्यापेक्षा आत्ता.

"आई, रक्षाचं नाव बदलायचं नाही."

"काहून? रीत हाये ते."

"रीत करूच नं. ताट मीच धरतो. भाऊजी 'रक्षा' लिवतीन."

"अन् लोक काय म्हणतीन?"

"लिवलं ते वाचतीन."

गोदावरीबाईंनी मोबाईलकडे पाहिलं. मोबाईलमध्ये दासीचे ओठ हलत होते. तिकडेच बघत त्या म्हणाल्या, "माह्यं नाव जनी होतं. माय बलावे." दुसऱ्या गावच्या कुणाबद्दल बोलावं तशा बोलल्या. मग पदरानं तोंड पुसलं. होही म्हणाल्या नाहीत आणि नाहीही.

तिला वाटलं होतं, बोलताना आवाज कापेल, नंतर रडू येईल. तसलं काहीच झालं नाही. त्या हो म्हणोत, न म्हणोत; परवा दुसरं नाव लिहायला अंगठी पुढे आली, तर मी ताट मागे घेईन. नखावरचा दाणा तिनं सुपात टाकला आणि तूस फुंकरीनं उडवलं.

फाटकाशी गाडी थांबली. "ऐकून राहिली का?"

गुडघे सवयीनं उठायला निघाले. तिनं त्यांना तिथंच बसवलं. गोदावरीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि काठी आडवी करून मांडीवर ठेवली. हाक पुन्हा आली, तशीच, नावाशिवाय. येऊ दे... ती तांदूळ निवडत राहिली.