दाराजवळची आठवी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण माझ्याकडे पाहून तुम्हाला ते पटणार नाही. माझ्या सात बहिणींच्या बैठकी घासून पांढुरक्या पडल्या आहेत. माझं पॉलिश मात्र अजून चकाकतं. पाहुणे म्हणतात, "ही किती छान राहिलीय!" आणि माझ्या जखमेवर मीठ चोळतात.

एका सुताराने आम्हा आठजणींना एकाच ओंडक्यातून घडवलं. या घरात आलो तेव्हा प्रत्येकीला आपापलं माणूस मिळालं. माझ्या वाट्याला आल्या थोरल्या वहिनी. मला स्वयंपाकघराच्या दाराजवळ ठेवलं, म्हणजे त्यांना चटकन उठता यावं. उठायची एवढी सोय झाली, की बसायचं राहूनच गेलं.

वर्षातून दोन-तीनदा सुट्टीचं मोठं जेवण असतं. वहिनींचे सासरे, नवरा, दोन मुलं, धाकटे दीर, जाऊ आणि नणंद, सगळे टेबलाशी जमतात. वहिनी दोन दिवस आधीपासून राबत असतात. "वहिनी, बसा ना आता!" असं सगळे म्हणतात आणि त्याच दमात कुणी लिंबू मागतं, कुणी पाणी. "आलेच," म्हणत वहिनी वळतात. मग माझ्यावर बसतात पर्सा, स्वेटर, मोबाइलचे चार्जर. एकदा तर ओली छत्री बसली होती.

मी हेवेखोर आहे, लपवत नाही. जाऊबाईंची खुर्ची नुसती करकरली तरी माझ्या पोटात दुखायचं. पण खरा जळफळाट व्हायचा तो स्वयंपाकघरातल्या स्टुलामुळे. तीन पायांचं, रंग उडालेलं, ठेंगणं! सगळ्यांची जेवणं आटोपली की वहिनी त्याच्यावर टेकायच्या आणि मांडीवर ताट घेऊन गार झालेलं अन्न खायच्या. दारातून मला सगळं दिसायचं. ना रूप, ना घराणं, आणि माझं माणूस आयतं पटकावून बसलेलं!

गेल्या सुट्टीला मात्र सकाळीच वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "या वेळी सगळं आधीच टेबलावर मांडून ठेवणार आहे मी. अन् तुमच्याबरोबर गरम गरम जेवणार. मला सारख्या हाका मारायच्या नाहीत, सांगून ठेवते."

"अगं, मग बस की! नको कोण म्हणतंय?"

ते ऐकून मी हरखून गेले. आज माझी पाळी होती.

दुपारी धाकटे दीर ऑफिसातल्या एका मित्राला जेवायला घेऊन आले. त्यांनी बोटाने माणसं मोजली. "आठ माणसं, आठ खुर्च्या. जमलं!" माझ्यावरच्या पर्सा उचलल्या आणि मित्राला बसवलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी बाहेरच्या खोलीतली माणसं मोजली, आणि जेवणाच्या वेळी वहिनी तिथे कधी नसायच्याच.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. पाहुणा चांगला भरदार होता. मी त्याचं वजन ऐटीत पेललं आणि स्टुलाकडे पाहून मनात म्हटलं, "बघ!"

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. तोंड धुतलेलं, केस नीट केलेले, हातात स्वतःचं ताट. त्यांनी टेबलाभोवती एकदा नजर फिरवली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, जरा मीठ आणता?" दीर मान वर न करता म्हणाले.

पाहुणा गडबडून उठायला लागला. "बसा हो तुम्ही. मी जेवेन आत," वहिनी म्हणाल्या आणि ताट घेऊन मागे वळल्या. जिच्यासाठी मी इतकी वर्षं जळले, तिची जागा मीच अडवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेले सासरे गुडघे धरत उठले. "सूनबाई, इकडे ये. इथे बस."

"असू द्या, बाबा. मला सवय आहे."

"सवय तुला लागली नाही, आम्ही लावली." मग ते धाकट्या मुलाकडे वळले. "मीठ तू आण. आणि येताना माझ्यासाठी ते स्टूल आण."

दीर आत गेले. चार डबे उघडल्याचा आवाज आला. "वहिनी, मीठ असतं कुठे?"

"शोध," सासरे म्हणाले.

त्यांच्या खुर्चीत वहिनी अंग चोरून बसल्या. नवऱ्याने त्यांच्या ताटात वाढलं. पहिला घास घेतला आणि त्या चकित होऊन म्हणाल्या, "अगं बाई! गरम असताना हे किती वेगळं लागतं!"

आपल्या हातचं सुट्टीचं जेवण त्या इतकी वर्षं गारच खात आल्या होत्या.

मित्रांनो, आता मला त्या टोकाच्या खुर्चीचा हेवा वाटतो. स्वभावाला औषध नाही. तरी तुम्हाला कळकळीने सांगते, घरी मोठं जेवण असेल तेव्हा माणसं मोजायला टेबलापासून सुरुवात करू नका. आधी स्वयंपाकघरात जा, तिथे 'एक' म्हणा, आणि मग बाहेर येऊन बाकीची मोजा.