उपयोग : नाही

मित्रांनो, मी एक जुनं हाड आहे. किती जुनं, ते तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही सांगता यायचं नाही. पाठीचा कणा जिथे संपतो, तिथे चार-पाच चिमुकले मणके एकमेकांना बिलगून बसलेत, तोच मी. लोक मला माकडहाड म्हणतात आणि वर हसतात.

फार फार पूर्वी तुमचे पूर्वज झाडांवर राहत. तेव्हा माझ्यापुढे शेपूट होतं, तोल सावरणारं. पुढे ते गेलं. आजही आईच्या पोटात तुम्ही नखाएवढे असता, तेव्हा इवलंसं शेपूट उगवतं आणि काही आठवड्यांत मावळतं. मागे उरतो मी. पण उरलेला म्हणजे उष्टा नव्हे.

मी राहतो एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे. बावीस वर्षं झाली, त्या मशीनवर बसतात. वाकून शिवताना भार बैठकीच्या दोन हाडांवर, पण मागे रेलून टीप न्याहाळली की तो माझ्यावर येतो. पोटातलं सगळं तोलून धरणारी स्नायूंची झोळी आहे ना, तिचं मागचं टोक माझ्याच खुंटीला बांधलंय. बाई पायाने मशीनचा पायटा मारता मारता गुणगुणतात,

सुई जाते पुढे, दोरा तिच्या मागा,
कुणी नाही उगा, ज्याची त्याला जागा.

गाणं माझंच वाटायचं मला. पण घरातच काय शिजत होतं, ते ऐका.

बाईंच्या लेकीने शाळेसाठी तक्ता केला, शरीरातल्या जुन्या खुणांचा. त्यात अक्कलदाढ, कान हलवणारे स्नायू आणि मी. माझ्यापुढे ठळक अक्षरांत लिहिलं, ‘उपयोग : नाही’. तक्ता भिंतीवर उंच लावायला तिने आईचं स्टूल नेलं आणि तिथेच ठेवलं.

बाईंची सवय अशी, की नजर सुईच्या नाकात, ओठांत दोरा, आणि न बघता बसायचं. स्टूल कधी हललंच नव्हतं. त्या बसल्या. खाली फरशी होती.

मित्रांनो, तो मार मी खाल्ला. माझा अपमान टांगायला नेलेल्या स्टुलापायी!

शनिवारी बँडवाल्यांचे बारा कोट द्यायचे होते. सात झाले होते. चुकलं तर पुढचं सगळं काम मोठ्या दुकानात जाणार होतं, आणि बाईंना घटकाभर बसवेना. उभ्याने पायटा चालतो का?

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. “मोडलं नाहीये. माकडहाडाला मार बसलाय. मागच्या बाजूला खाच असलेली उशी घ्या, म्हणजे तिथे भार येणार नाही, आणि मधून मधून उठत जा.”

लेक पुटपुटली, “पण ते तर बिनकामाचं असतं ना?”

“जुनं काम सुटलं गं त्याचं. दुसरं धरलं. बिनकामाचं आहे का, ते आईला विचार.”

“मला कशाला विचारते,” बाई कण्हत म्हणाल्या, “तक्त्यात बघ म्हणावं.”

घरी आल्यावर लेकीने जाड कापड कापलं, कापूस भरला आणि जन्मातली पहिली उशी शिवली.

“टीप वाकडी आलीये,” बाई म्हणाल्या.

“आधी बसून तर बघ.”

त्या स्टुलाकडे वळून, नीट बघून, हळूच बसल्या. मशीन सुरू झालं. शनिवारी बारावा कोट इस्त्रीसकट गेला.

माझा राग मात्र गेलेला नाही. सगळ्या बुडाखाली मऊ कापूस, आणि माझ्याखाली खाच! म्हणे हा मान. असो.

मित्रांनो, बसण्याआधी खाली बघा, आणि एखाद्याला बिनकामाचा ठरवण्याआधी तर दोनदा बघा. जुना धंदा बुडाला म्हणून कुणी रिकामा बसलेला नसतो.

तक्ता अजून भिंतीवर आहे. ‘नाही’वर काट मारलीये, आणि शेजारी लिहिलंय, ‘आईला बसता येतं.’