सामाईक रानातलं पिवळं झुडूप

हिंमतरावांचं ठाम मत होतं की झाडं आपोआप उगवत नसतात. कुणीतरी ती कुणाच्या तरी विरोधात लावतं.

भूम गावाच्या अलीकडं त्यांचं आणि चुलतभाऊ दगडोबाचं गवताचं सामाईक रान होतं. वाटणीवरून बिनसलं, तेव्हा ठरलं की मोजणी होईस्तवर कुणीच विळा लावायचा नाही, कारण कापंल त्याची वहिवाट. मोजणीवाले काही उगवले नाहीत. उगवली ती छातीएवढाली झुडपं, पिवळ्या फुलांनी लगडलेली. दगडोबानं झाडं लावून कब्जा दाखवला, तर रान गेलंच म्हणायचं.

हिंमतरावांनी मोबाइलवर फोटो काढून झुडपाची चौकशी केली. मोबाइल म्हणाला, शोभेचं झाड. संशय वाढला. ज्याच्या दारात तुळस टिकत नाही, त्याला शोभा कुठून सुचली? मग त्यांनी शेळी सोडली. शेळीनं हुंगून तोंड फिरवलं. म्हणजे शेळीही फितूर.

ते वाकून बुंधा तपासत होते, तोच पलीकडच्या झुडपामागून दगडोबाचं डोकं वर आलं. त्याच्याही हातात मोबाइल.

"दादा, कवा लावली ही?"

"म्या? तूच लावलीस की."

"जल्मात म्या झाड लावलं न्हाय. गावाला इचारा."

हे खरं होतं, म्हणूनच हिंमतरावांना ते जास्त संशयास्पद वाटलं.

तेवढ्यात त्यांची बायको गजराबाई टोपली घेऊन आली आणि फुलं तोडू लागली. उद्या घट बसायचे होते.

"हात लावू नगंस, पुरावा हाय त्यो."

"तरवड हाय. दरसाल घटाला माळ कशाची घालता?"

"तरवड गुडघ्याएवढा असतोय."

"दरसाल गवतासंगं तुमीच त्याचं मुंडकं उडवायचा, मग केवढा असंल? औंदा तिसरं वर्स, विळा न्हाय. पसरला."

दोघं भाऊ तरवडाकडं बघत राहिले. कब्जा करणारा सापडला होता, पण त्याच्यावर दावा लावता येत नव्हता.

"मग म्या कापू का?" दगडोबा म्हणाला.

"आन् मागनं वहिवाट दावतूस व्हय?"

"मग तुमी कापा."

"म्हंजी करार मोडला म्हणून गावभर बोंबलायला तू मोकळा."

शेवटी दोघांनी एकदमच कापायचं ठरलं. विळे आले. दोघं दोन टोकांना बसले.

"वहिनी, तुमी एक-दोन-तीन म्हना. तीनला विळा."

गजराबाईनं तीन म्हटलं. दोघांनी गवताची मूठ धरली आणि समोरचा विळा चालतो का ते बघायला मान वर केली.

टोपली भरेस्तवर ती अधूनमधून तीन म्हणत राहिली. मग घरी गेली.