दोन वर्षं राखलेलं गवत

मंगळवारी सकाळी साडेसहाला गावप्रमुखाच्या माणसाने टेकडीवरून हाक दिली : राखीव गवत खुलं झालं. जुने प्रमुख वारले तेव्हापासून, दुखवटा म्हणून, त्या उताराला दोन वर्षं विळा लागला नव्हता. गवत दुप्पट झालं असणार, असं सगळेच धरून चालले होते.

मलिकेत्सो सगळ्यांच्या मागून वर पोचली. एकसष्टाव्या वर्षी तिचे गुडघे चढाला ऐकत नव्हते. तिच्या गोल घराचं छप्पर चुलीच्या बाजूने खाली बसलं होतं आणि शाकारायला साठ पेंढ्या हव्या होत्या. शाकारणारा सेलेबालो शुक्रवारी येणार होता. शनिवारी तो डोंगरापलीकडे गेला की हिवाळा संपेपर्यंत परतणार नव्हता.

पहिल्याच ठोंबाला तिने विळा लावला. निम्म्या काड्या विळ्याआधीच मोडल्या. करड्या, भुसभुशीत. ठोंब फाकवून पाहिला तर कडेला चार हिरवे कोंब आणि मधोमध काळं, कुजलेलं भोक. दोन वर्षांचा वाळका पाचोळा अंगावर तसाच राहिला होता. नव्या कोंबांना ऊन मिळालंच नव्हतं.

"मपुलेंग, तुझ्याकडे कसं आहे गं?"

"माझ्या सासूच्या दातांसारखं," शेजारीण म्हणाली. "कडेला दोन, मध्ये मोकळं मैदान."

"हसवू नकोस, म्हम्मे, माझे आई. कंबर धरलीय."

प्रमुखाचा माणूस जवळ आला. मलिकेत्सो त्याला आदराने म्हणाली, "न्ताते, दरवर्षी कापलं असतं तर हे उभं राहिलं असतं."

"मग तेव्हा सभेत बोलायचं होतंस."

ती पुन्हा ठोंबाकडे वळली. गवत न कापायला सभेत पहिला होकार तिचाच होता.

दुपारी पाणी प्यायला ती ओढ्याच्या वाटेवर उतरली. तिथले ठोंब पिवळेधमक, छातीएवढे, चिवट. रामात्ला नावाच्या म्हाताऱ्याच्या मेंढ्या दोन्ही वर्षं इथेच चोरून चरल्या होत्या, वाळका पाचोळा उरलाच नव्हता; आणि त्या चरण्यापायी गावाने त्याची एक मेंढी दंडात घेतली होती.

"बोकडासारखं तोंड करून काय बघतेस?" वरून मपुलेंग ओरडली.

"विळा घेऊन ये. आणि रामात्लाची आपण खाल्लेली मेंढी आठव."

पट्टा अरुंद होता आणि बातमी लपली नाही. बुधवारी तिथे अकरा बायका होत्या. गुरुवारी संध्याकाळी मलिकेत्सोच्या अंगणात चौतीस पेंढ्या होत्या. तिला हात वर करून डोक्याचं फडकं सोडवेना, ती तशीच झोपली.

शुक्रवारी सेलेबालोने एक काडी बोटाभोवती गुंडाळली. मोडली नाही.

"माल चांगला आहे, म्हम्मे. पण अर्धं छप्पर मी घालत नाही. पाणी गळलं की नाव माझं जातं."

"उद्या दुपारपर्यंत थांब."

"दुपारपर्यंत. मग माझं गाढव निघालं."

शनिवारी सकाळी नऊ वाजता एक्केचाळीस पेंढ्या झाल्या होत्या, अजून एकोणीस हव्या होत्या. पलीकडच्या शिखरांवर बर्फ दिसत होतं. सेलेबालो गाढवाला पाणी पाजत होता. मलिकेत्सो ओढ्याच्या वाटेवर कापत होती, आणि तिच्या पुढे सातआठच ठोंब उरले होते.